चंद्रकळेला हाक

फार पूर्वी, धुक्यात अर्ध्या बुडालेल्या एका गावात एक बाई होत्या. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. गावाला शाळा एकच, शाळेला खोली एकच आणि खोलीत बाईही एकच, त्यामुळे त्यांना नावाने हाक मारायची गरज कधी कुणाला पडलीच नाही.

गाव एका मोठ्या तळ्याच्या काठी होतं. तळ्याचा पलीकडचा काठ कुणी पाहिलेला नव्हता. तिकडे काय आहे असं मुलांनी विचारलं की मोठी माणसं म्हणत, "तिकडे सकाळ राहते." उजाडताना होड्या निघायच्या त्या त्याच दिशेला. कुणी शिंगाडे आणायचं, कुणी मासळी, कुणी कमळाचे देठ. दिवाळी उलटली की तळ्यावरून धुकं यायचं आणि होळीपर्यंत मुक्काम ठोकायचं. ते घराघरांत शिरायचं, चुलीपाशी येऊन बसायचं. भाताची वाफ कुठे संपली आणि धुकं कुठे सुरू झालं, हे त्या गावात कुणालाच सांगता यायचं नाही.

आता या गावाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

तळ्यातून गावात यायला वाट एकच होती, दोन काळ्या खडकांमधून जाणारी. गाव तिला 'दार' म्हणायचं. दारातून एका वेळी एकच होडी मावायची. दोघी एकदम घुसल्या की फळ्या फुटायच्या, टोपल्या पाण्यात जायच्या, माणसांच्या जिवावर बेतायचं. म्हणून दाराजवळ एक उंच मचाण बांधलेलं होतं. गावातल्या प्रत्येक होडीला नाव होतं, आणि ते नाव कोरलेली एक लाकडी पाटी होती. सकाळी निघताना जो तो आपल्या होडीची पाटी मचाणावरच्या खुंटीला अडकवून जायचा. आधी गेला त्याची पाटी आधी, मागून गेला त्याची मागे. संध्याकाळी सगळ्या होड्या दाराबाहेर धुक्यात गोळा व्हायच्या, आणि मचाणावरून त्याच क्रमाने एकेक नाव पुकारलं जायचं. नाव कानावर पडेल ती होडी आत यायची, बाकीच्या थांबायच्या.

पुकारायचं काम मुलांचं होतं, कारण लहान मुलांचा आवाज पाण्यावरून लांब जातो. धुक्याच्या दिवसांत एकेका मुलाची पाळी यायची. पाळी झाली की गावचा सुतार त्या मुलाच्या नावाची छोटी पाटी करून त्याच्या घराच्या चौकटीवर लावायचा. ती पाटी लागली की मूल गावाचं झालं, असं सगळे मानायचे. आणि क्रम रोज वेगळा असायचा, म्हणून नावं पाठ करून भागायचं नाही. पाट्या वाचाव्याच लागायच्या.

इथवर सगळं छान. पण माणसांना छान गोष्टीत काहीतरी घुसडल्याशिवाय चैन पडत नाही. कधीतरी कुणीतरी सगळी नावं एका दमात पुकारून दाखवली, गावाने टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हापासून एका दमात पुकारेल तोच खरा हुशार असं ठरून गेलं. मुलं छाती फुगवून उभी राहायची आणि भरदिशी सगळी नावं पाण्यावर ओतून मोकळी व्हायची. आईबाप कौतुकाने ऐकायचे. तिकडे धुक्यात बसलेला एक म्हातारा नावाडी दरवर्षी कुरकुरायचा, "अरे, आमच्यापर्यंत हाकेचा नुसता गोळा येतो. कुणाचं नाव काढलं तेच कळत नाही."

"मग पोरांना मोठ्याने ओरडायला सांगतो," पाटील म्हणायचे. आणि पोरं त्याच वेगाने मोठ्याने ओरडायची. होड्या एकमेकींवर आदळायच्या, दोष धुक्याला मिळायचा. धुकं बिचारं काय बोलणार?

बाईंना या सगळ्याचा फार अभिमान होता. त्यांच्या शाळेतली मुलं भराभर वाचायची. सकाळी सगळी एका सुरात, डोलत डोलत धडा म्हणायची, तो आवाज ऐकून रस्त्यावरची माणसंही क्षणभर थांबायची. त्या डोलणाऱ्या मुलांत मागच्या रांगेत शेवंता नावाची एक मुलगी होती.

शेवंताला एकच गोष्ट हवी होती. तिची आई होडी चालवायची. होडीचं नाव चंद्रकळा. बाप नव्हता, घरात दोघीच. रोज संध्याकाळी शेवंता मचाणाखाली उभी राहायची आणि दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून आपल्या आईच्या होडीचं नाव कधी निघतं याची वाट बघायची. नाव निघालं तरी आई आत येईपर्यंत ती जागची हलायची नाही. एकदा चंद्रकळेच्या आधी दुसरीच होडी दारात घुसली होती आणि आईचा हात खडक आणि होडीच्या मध्ये सापडला होता. तिचं एक बोट अजून सरळ होत नव्हतं. शेवंता तेव्हापासून म्हणायची, "माझी पाळी आली की मी हाक मारीन. माझी हाक तुला नीट ऐकू येईल."

आई हसायची आणि म्हणायची, "तू मारलेली हाक मला झोपेतसुद्धा ऐकू येईल गं."

त्या वर्षी तिची पाळी होती. होळीच्या आदल्या संध्याकाळी, धुक्याच्या अगदी शेवटच्या दिवशी. त्या दिवशी जमलं नाही तर पुन्हा पाळी नाही, पुढच्या वर्षी पुढची मुलं.

आणि शेवंताला वाचता येत नव्हतं.

हे कुणालाच माहीत नव्हतं. ती धडा सगळ्यांबरोबर म्हणायची, एक अक्षर चुकायची नाही, कारण तिचे कान तल्लख होते आणि तिने सगळं ऐकून ठेवलेलं होतं. पाळीची तयारी म्हणून बाईंनी एक दिवस तिला एकटीला उभं केलं आणि एका होडीचं नाव लिहिलेली पाटी हातात दिली. तेव्हा शेवंता नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "चं... चंकर... चंदळका..."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, रागावल्या. "लक्ष कुठे आहे तुझं? तुझ्या आईच्या होडीचं नाव आहे ते!"

शेवंताने मान खाली घातली. ते नाव तिच्या आईच्या होडीचं आहे हे ऐकून तर तिला जास्तच रडू आलं.

मग नेहमी होतं ते सगळं झालं. बाईंनी तिला पाटी भरभरून अक्षरं काढायला लावली. तिने काढली, पण काल काढलेलं अक्षर आज तिला अनोळखी वाटायचं. वैद्यांनी डोळे तपासले, डोळे उत्तम होते. धुकं जरा विरळ झालं की दूरच्या बेटावर बगळा कोणत्या पायावर उभा आहे ते ती सांगायची. कुणी म्हणालं आळशी आहे, कुणी म्हणालं हट्टी आहे. शेवटी आईला शाळेत बोलावलं.

"बाई, पोर आळशी नाही हो," आई म्हणाली. ओलं लुगडं पिळतच ती आली होती. "जाळ्यात गुंता झाला की मी कंटाळते, पण ही नाही कंटाळत. बोटांनी चाचपून चाचपून सगळं सोडवते. तुम्ही म्हणाल तेवढा वेळ बसेल. पण तिच्या पाळीचं तेवढं काढू नका."

"वेळ कुठे आहे आता?" बाई म्हणाल्या. "आणि चूक झाली तर होड्या फुटतील. तुमचीच फुटेल. शेवंताच्या जागी यमीला उभं करायचं असं मी ठरवते आहे."

यमी म्हणजे शाळेतली सगळ्यात चटपटीत मुलगी. तिला पाटी नुसती लांबून दाखवली तरी ती वाचून मोकळी व्हायची. स्वभावाने वाईट मुळीच नव्हती, पण थांबणं म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं.

आईने पदर सावरला. ती गेली. शेवंता मात्र शाळेच्या दाराशीच उभी होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा पाहून बाईंना कसंसंच झालं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "शेवंता, पाटीकडे बघतेस तेव्हा तुला दिसतं तरी काय?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. ती जरा वेळ बाईंकडे बघत राहिली, खरंच विचारतायत ना याची खात्री करून घेत. मग म्हणाली, "अक्षरं दिसतात. पण पाण्यात पडल्यासारखी दिसतात. मी एकाकडे बघते तोवर दुसरं सरकतं. त्याला धरायला जावं तर पहिलं निसटतं. सगळ्यांची अशीच निसटतात ना? मग बाकीची मुलं एवढी पटापट कशी पकडतात?"

बाईंनी तिला घरी पाठवलं आणि शाळा बंद केली. त्या घरी निघाल्या. वाटेत घाट लागायचा. होड्या आत येऊन बांधल्या गेल्या होत्या, माणसं घरी गेली होती, धुकं पाण्यावर खाली बसलेलं होतं. एका होडीच्या अंगावर तिचं नाव रंगवलेलं होतं आणि त्याचं प्रतिबिंब खाली पाण्यात पडलं होतं. बाई थांबल्या. वर होडीकडे न बघता त्यांनी पाण्यातलं नाव वाचायचा प्रयत्न केला.

पाणी हलत होतं. एक काना लांब झाला, तुटला, पुन्हा जुळला. एक अक्षर दुसऱ्याच्या पोटात गेलं. एक वेलांटी आत्ता इकडे होती, ती तिकडे गेली. बाईंनी डोळे बारीक केले, मान वाकडी केली, घाटाच्या पायरीवर ओणव्या झाल्या. गावातल्या प्रत्येक होडीचं नाव त्यांना ठाऊक होतं, तरी हे कोणतं ते त्यांना सांगता येईना. आणि मग त्यांच्या मनात आलं, की या वेळी कुणी माझ्या मागे उभं राहून 'लवकर वाच, लक्ष कुठे आहे तुझं' असं ओरडलं तर?

बाई तिथेच पायरीवर बसल्या. त्यांना फार वाईट वाटलं. अंधार दाटेपर्यंत त्या बसून होत्या, आणि उठल्या तेव्हा यमीला उभं करायचा विचार त्यांच्या मनातून गेलेला होता.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर दोघी घाटावर बसू लागल्या. बाईंनी वडाचं एक मोठं पान घेतलं, त्याला मधोमध अक्षराएवढी खिडकी पाडली आणि पान पाटीवर ठेवलं. खिडकीतून एकच अक्षर दिसत होतं. बाकीची सगळी पानाखाली झाकलेली.

"आता बघ. एकटंच आहे. कुठे जातंय?"

शेवंता वाकून बघत राहिली. "हलतंय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण जात नाहीये. जायला जागाच नाही त्याला."

बाईंच्या लक्षात राहिलं होतं की ही मुलगी जाळ्याचा गुंता बोटांनी सोडवते. त्यांनी जाळ्याची जाड दोरी आणली आणि फळीवर डिंकाने चिकटवून दोरीची अक्षरं केली. शेवंताने डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवायचं आणि बोट फिरतंय तोवर त्या अक्षराचा आवाज लांबवायचा. 'क' चं पोट, 'ळ' चे दोन गोल. डोळ्यांना जी अक्षरं सापडत नव्हती ती बोटांना हळूहळू सापडू लागली.

तोंडाचंही तसंच होतं. ऐकलेला धडा बिनचूक म्हणणारी शेवंताची जीभ पाटीवर 'द्र' आला की अडखळायची, कधी 'र' आधी उडी मारायचा, कधी गळूनच जायचा. बाईंनी तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "नुसती ऐकू नकोस. हाताला काय लागतं ते बघ." बाई 'द' म्हणाल्या, 'र' म्हणाल्या, मग दोन्ही मिळून सावकाश म्हणाल्या. शेवंताने दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. दोघी तशाच एकमेकींकडे बघत घाटावर "द्र... द्र... द्र..." करत बसल्या. पाण्यातली बदकंसुद्धा वळून बघायला लागली, तेव्हा कुठे त्या हसल्या.

आणि प्रत्येक तुकड्याला एक टाळी. पा, टाळी. ण, टाळी. कों, टाळी. ब, टाळी. डी, टाळी. पाणकोंबडी! पहिल्यांदा ते नाव पुरं वाचलं गेलं तेव्हा शेवंता एवढी दचकली, जणू ती पाणकोंबडी खरंच पाटीतून उडाली.

गावाला मात्र करमणूक झाली. "बाई आता दोऱ्या चिकटवायला शिकवतात!" "टाळ्या वाजवून होड्या येणार आहेत यंदा!" पाटील एकदा मुद्दाम घाटावर येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय, बाई? ही पोर एका नावाला एवढा वेळ घेते. एका दमात कधी होणार हिचं?"

"एका दमात नाही व्हायचं," बाई म्हणाल्या.

"मग?"

"जेवढे दम लागतील तेवढ्या दमांत होईल."

पाटील मान हलवत गेले. बाईंनी उसनं अवसान आणलं होतं, खरं तर त्याही घाबरलेल्या होत्या. काही दिवस असे यायचे की काल आलेलं नाव आज यायचं नाही. शेवंता पान भिरकावून द्यायची आणि गुडघ्यांत डोकं घालून बसायची. बाई पान उचलून आणायच्या आणि गप्प शेजारी बसायच्या. असं करता करता धुक्याचे दिवस सरत आले. बाकी सगळी नावं आता यायची. चंद्रकळा कधी यायची, कधी नाही.

होळीच्या आदल्या संध्याकाळी धुकं असं उतरलं की आपलाच हात आपल्याला परका वाटावा. लाकडं रचून ठेवली होती, ती दिसत नव्हती. घरं दिसत नव्हती. सगळा गाव मचाणाखाली जमला होता आणि माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखत होती. मचाणावर एक कंदील आणि कंदिलाखाली पाट्यांची रांग, एवढंच काय ते दिसत होतं. शेवंता शिडी चढून वर गेली. तिच्या हातात वडाचं पान होतं. तिने रांगेवरून नजर फिरवली. चंद्रकळेची पाटी अगदी शेवटी होती, त्या दिवशी आई सगळ्यांच्या मागून निघाली होती.

शिडीच्या पायथ्याशी बाई उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी यमी. पाटलांनीच तिला आणून उभं केलं होतं. "अडली की लगेच हिला वर पाठवा," त्यांनी बजावलं होतं.

शेवंताने पान पहिल्या पाटीवर ठेवलं.

"सो," ती म्हणाली. मग पान सरकवलं. "न... सा... ख... ळी."

प्रत्येक तुकडा वेगळा वेगळा मचाणावरून निघाला आणि धुक्यात गेला. खाली कुजबुज सुरू झाली. ही काय हाक झाली? एवढ्या वेळात सगळी नावं झाली असती.

पण तेवढ्यात धुक्यातून 'टक' असा आवाज आला. होडीच्या कडेवर वल्हं आपटल्याचा. गावाने असा आवाज कधी ऐकला नव्हता, कारण आजवर दोन नावांच्या मध्ये कुणाला उत्तर द्यायला फटच मिळाली नव्हती. सोनसाखळी दारातून आत आली. एकटी, कुठे घासली नाही की आपटली नाही.

मग पाणकोंबडी. टक. मग भरजरी. टक. शेवंता एकेक पाटी वाचत होती, मध्येच एखादी चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून घेत होती. बाहेरच्या होड्या थांबत होत्या. खालच्या माणसांची कुजबुज केव्हा थांबली ते त्यांनाही कळलं नाही. धुकं, कंदील, त्यातून येणारे ते आवाज आणि त्यांना येणारी ती उत्तरं, हे सगळं जागेपणीचं आहे की स्वप्नातलं, असं प्रत्येकाला वाटत होतं.

शेवटची पाटी उरली.

शेवंताने पान ठेवलं. 'चं' आला. तिने पान सरकवलं आणि थांबली. कंदिलाची वात वाऱ्याने हलत होती, सावल्या हलत होत्या, आणि खिडकीतला 'द्र' सुद्धा हलायला लागला. तिने डोळे चोळले. पुन्हा बघितलं. तो निसटला. शेवटी कुणाचं नाव उरलंय हे तिला ठाऊक होतं, पण तिला ते आठवून म्हणायचं नव्हतं, वाचायचं होतं.

खाली सगळे थांबले होते. वेळ जात होता.

"झालं," पाटील म्हणाले. "बाकी सगळ्या आल्यात, एकच तर राहिली आहे. यमी, जा वर."

कुणीही मान्य करावं असंच ते बोलणं होतं. एकच नाव, यमीने एका क्षणात सांगितलं असतं. बाईंच्या मनातही आलं, की मुलीने पुष्कळ केलं, आता उगाच कशाला ताणायचं? बाहेर धुक्यात त्या मुलीची आई एकटी आहे. काही झालं तर लोक मला विचारतील.

त्यांनी वर बघितलं. कंदिलाच्या उजेडात शेवंता खाली बाईंकडेच बघत होती. बाई आता काय करतात, याची ती वाट बघत होती.

बाई शिडीच्या पहिल्या पायरीवर वाट अडवून उभ्या राहिल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ती वाचते आहे. तिचं वाचून होईपर्यंत आपण थांबायचं."

"अहो, पण आणखी किती?"

"तिला लागेल तेवढं."

आणि मग यमीने एक गोष्ट केली, तिचं कौतुक केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नाव तिच्या जिभेच्या टोकावर आलेलं होतं, तोंडातून आता निसटणारच होतं. तिने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले आणि खाली जमिनीकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच यमी थांबली होती.

वर शेवंताने पान बाजूला ठेवलं. डोळे मिटले. पाटीवरची अक्षरं कोरलेली होती, तिने त्यांच्या चरांत बोट घातलं. एक हात पाटीवर, एक हात आपल्या गळ्यावर. घाटावरच्या सगळ्या संध्याकाळी तिच्या बोटाच्या टोकाशी आल्या.

"चं," ती म्हणाली.

बोट फिरत राहिलं.

"द्र."

गळा थरथरलेला तिच्या हाताला कळला, आणि तिचा आवाज एकदम मोठा झाला.

"क... ळा!"

मग पुन्हा एकदा, डोळे उघडून, सगळं मिळून, धुक्याच्या पार जाईल असं: "चंद्रकळा!"

काही क्षण काहीच आलं नाही. माणसं पाण्याच्या दिशेला कान देऊन उभी राहिली.

टक.

धुक्यातून होडी आली. आधी तिचं टोक, मग वल्हं, मग वल्ह्यावरचा तो हात, एक बोट सरळ न होणारा. आईने होडी बांधलीसुद्धा नाही, दुसऱ्याच कुणीतरी दोर धरला. ती शिडीपाशी आली तोवर शेवंता उतरून खाली आली होती.

"ऐकू आलं का?" शेवंताने विचारलं.

"तुकडा तुकडा ऐकू आला गं," आई म्हणाली. "'चं' आला तेव्हाच कळलं, माझंच नाव आहे. मग मी बाहेर बसून राहिले तुझी वाट बघत. म्हटलं, माझी लेक येते आहे, येऊ दे सावकाश." एवढं बोलून ती रडायला लागली, आणि शेवंताही.

म्हातारा नावाडी मात्र पाटलांसमोर जाऊन उभा राहिला होता. "आज हाकेचा गोळा नव्हता हो," तो म्हणाला. "इतकी वर्षं धुक्यात बसतोय. आज पहिल्यांदा कळलं मला कुणी बोलावलं ते." पाटलांनी घसा खाकरला आणि होळीची लाकडं नीट रचली आहेत का, ते बघायला ते लगबगीने निघून गेले. धुक्यात लाकडं दिसत नव्हती ही गोष्ट वेगळी.

पुढच्या दिवाळीनंतर धुकं आलं तेव्हा एका दमाची रीत गावाने सोडून दिली होती. मुलं सावकाश पुकारायची, प्रत्येक नावानंतर वल्ह्याच्या ठोक्याची वाट बघायची. कुणी अडलं तर खालची माणसं गप्प उभी राहायची. काही दिवस ते जड गेलं, मग अंगवळणी पडलं.

शेवंता भराभर वाचायला लागली असं मात्र समजू नका. अक्षरं तिच्यासाठी आयुष्यभर थोडी हलतच राहिली. पण तिच्यापाशी पान होतं, दोरीची अक्षरं होती, आणि आता ती हळू वाचायला लाजत नव्हती. शाळेत दरवर्षी एखादं तरी मूल असं निघायचंच. शेवंता त्याच्या शेजारी जाऊन बसायची आणि सगळ्यात आधी विचारायची, "तुला दिसतं तरी काय, सांग बघू?"

सुताराने तिच्या नावाची पाटी केली तेव्हा बाईंनी त्याला सांगून अक्षरं खोल न कोरता वर उचललेली करून घेतली होती. पाटी चौकटीला लागली त्या संध्याकाळी शेवंताने डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवलं. शे. वं. ता. आत चुलीपाशी बसलेल्या आईने आतूनच विचारलं, "कोण आहे गं दारात?"

"मी," शेवंता म्हणाली, आणि आत गेली.

मुलांनो, आणि मुलांच्या मागे उभं राहून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुमच्यासाठी तात्पर्य: ज्याला वाचायला वेळ लागतो त्याला काय दिसतं ते आधी विचारावं, त्याची वाट शोधून द्यावी आणि मग त्याचा शब्द त्याच्याच तोंडून येईपर्यंत थांबावं. त्याच्यासाठी थांबलेलं कुणीच उशिरा घरी पोहोचत नाही.